चालू यंत्राची पूजा

ऑक्टोबर २००८, खंडेनवमी, सकाळी अकरा. रक्कम वीस हजार रुपये. जागा आमच्या धनकवडीच्या फ्लॅटमधली रस्त्याकडची खोली. हजर माणसं पाच: भोसरीतल्या एका कारखान्याचे कार्मिक अधिकारी, त्या कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या एक बाई, चौकशीत बाईंच्या बाजूने बोलणारे एक निवृत्त बँक कर्मचारी, मी, आणि दाराशी पाटावर बसून झेंडूची माळ ओवणारे माझे वडील. कागदावर आम्ही ‘हजर चार’ असं लिहिलं आणि चौघांनी सह्या केल्या. वडिलांना कोणी मोजलं नाही. पाचवा माणूस मी आज मोजतो आहे.

वीस हजार ही माझी फी. चौकशी अधिकाऱ्यांनी ती निम्मी कंपनीने आणि निम्मी बाईंनी द्यावी असं ठरवलं होतं. कंपनीने दहा हजारांचा चेक दिला. बाईंनी लग्नात आहेर करतात तसल्या पाकिटातून रोख दिली. पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं. मी नोटा मोजल्या, बरोबर दहा हजार भरल्या. बाई म्हणाल्या, “तो वरचा रुपया पाकिटाचा आहे, तो मोजू नका.” मी पावती दहा हजारांची केली. बाईंचा पगार तेव्हा साडेआठ हजार होता. हे मला माहीत होतं, कारण चौकशीच्या कागदांत तो लिहिलेला होता.

टेबलावर बाईंच्या ऑफिसातला कॉम्प्युटर होता, पांढऱ्या कापडात शिवलेला आणि लाखेने सील केलेला. बाईंवर आरोप असा होता की त्यांनी कंपनीचं दरपत्रक एका स्पर्धक कारखान्याला ईमेलने पाठवलं. ईमेल त्यांच्या नावाने, त्यांच्याच कॉम्प्युटरवरून गेलं होतं, संध्याकाळी सहानंतर. बाईंचं म्हणणं होतं की त्या पावणेसहाच्या कंपनीच्या बसने निघाल्या होत्या, मशीन बंद करायचं राहिलं होतं आणि नंतर त्यांच्या खुर्चीत कोणीतरी बसलं. कोण बसलं होतं, पेन ड्राइव्ह लावला होता का, कुठली फाइल किती वाजता उघडली, हे त्या डब्यातून काढायचं माझं काम होतं. निघालं तर बाईंची नोकरी राहणार होती, नाही तर जाणार होती.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं.

वडील खडकीच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये होते. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. खंडेनवमीला लेथ धुऊनपुसून लख्ख करत, माळ घालत, हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, आणि मग मशीन एक मिनिट चालवत. चालवल्याशिवाय पूजा पुरी होत नसे. बाबा म्हणत, निजलेल्या माणसाला आपण ओवाळतो का? तसंच यंत्राचं. घरीसुद्धा आईचं शिवणयंत्र त्या दिवशी एक मिनिट रिकामं चालायचं, दोरा न ओवता.

मी बी.कॉम. झालो तेव्हा कारखान्यात भरती जवळजवळ थांबली होती आणि पेपरात कॉम्प्युटर क्लासच्या जाहिरातींची पानंच्या पानं येत होती. १९९६ मध्ये मी हार्डवेअर आणि नेटवर्किंगच्या कोर्सला गेलो. फी बाबांनी पी.एफ.मधून उचल काढून भरली. पुढची तीन वर्षं मी शिडीवर काढली. ऑफिसांच्या खोट्या छतांमधून केबल ओढायची, टोकाला चिमट्याने प्लग दाबून बसवायचा, खाली उतरून दिवा लागला का बघायचा. घरी आलो की केसांतून थर्मोकोलचे दाणे पडत. आई म्हणायची, हा कॉम्प्युटर शिकला की सुतारकाम?

२००१ मध्ये हिंजवडीच्या एका कंपनीत नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लागलो. स्वारगेटहून कंपनीची बस असे. माझ्या हाताखाली चारशे माणसांची खाती होती. कोण किती वाजता आला, काय उघडलं, काय पुसलं, हे सगळं मला दिसायचं आणि मी बघायचो नाही, असं मी स्वतःला सांगायचो. एकदा नोकरी सोडून जाणाऱ्या एकाने पुसलेल्या फाइली मी परत काढून दिल्या. साहेब म्हणाले, हे तर पोलिसाचं काम झालं. मला ते फार आवडलं. मी त्याचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि २००७ मध्ये नोकरी सोडून घरातच ही प्रयोगशाळा काढली. बायको शाळेत शिकवायची, तिच्या पगारावर घर चालायचं. फ्लॅटमध्ये चार लाख बाबांच्या ग्रॅच्युइटीचे होते. आई तोवर गेली होती आणि बाबा आमच्याकडे राहायला आले होते.

बाबा सोसायटीत सांगत, माझा मुलगा कॉम्प्युटरचा तपास करतो. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ विचारत, “म्हणजे बिघडला की दुरुस्त करतात ना?” बाबा सांगत, “नाही हो. कोणी बिघडवला ते शोधतो.”

त्या सकाळी मी सील तोडलं, डब्यावरचे आणि आतल्या हार्ड डिस्कवरचे क्रमांक लिहून घेतले. बाईंच्या बाजूच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “आता याला हात कोण लावणार?”

“फक्त मी,” मी म्हणालो. “आधी डिस्कची हुबेहूब नक्कल करायची. ती होईपर्यंत मशीन चालू करायचं नाही. चालू केलं की आतल्या तारखा बदलतात.”

“तसं लिहा.”

मी तसं लिहिलं. सही केली.

बाई निघताना दाराशी थांबल्या. बाबांना म्हणाल्या, “काका, माळ छान झालीय.”

बाबांनी परातीतली दोन फुलं त्यांच्या हातावर ठेवली. “न्या. दसऱ्याला महाग होतात.” बाईंनी ती पर्समध्ये ठेवली. त्या दिवशी मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

मंडळी गेल्यावर नक्कल करायला बसलो तर आणून ठेवलेली कोरी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला ओळखूच येईना. नवी असून बंद. तपकीर गल्लीतल्या दुकानातून बदलून आणण्याशिवाय उपाय नव्हता. मी बूट घालत होतो तेव्हा बाबा पूजेचं ताट घेऊन उभे होते.

“पूजेचं काय?”

“तुम्ही उरकून घ्या. मला उशीर होईल.”

एवढंच मी म्हणालो. ‘ते टेबलावरचं खोकं सोडून’ एवढे चार शब्द राहिले. का राहिले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घाई होती हे खरं आहे, पण पुरेसं नाही. खरं असं की माझं काम त्यांना समजावून सांगण्याचा मला कंटाळा असे. खोलीला कुलूप असतं तरी चाललं असतं, पण ज्यांचे चार लाख घरात आहेत त्यांच्यासमोर खोलीला कुलूप लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणजे कुलूप लावायला संकोच वाटला आणि बोलायला कंटाळा आला.

तपकीर गल्लीत दुकानदाराचीही पूजा चालू होती. त्याने बिलाच्या मशीनला गंध लावलं, मला पेढा दिला आणि म्हणाला, “बसा, आज घाई करू नये.” मी बसलो. पेढा खाल्ला.

परत आलो तेव्हा खोलीत उदबत्तीचा वास होता. माझे दोन कॉम्प्युटर चालू होते, पडद्यांना माळा होत्या. आणि टेबलावरच्या त्या तिसऱ्या डब्यालाही माळ होती, बटणाच्या वर हळदकुंकू होतं, आत पंखा घुमत होता. त्याला पडदा जोडलेला नव्हता, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. नुसता लाल दिवा लुकलुकत होता, भरभर, थांबत नव्हता.

“त्याला वायरच नव्हती लावलेली,” बाबा म्हणाले. “मी तुझ्या ड्रॉवरमधली लावली. तिन्ही व्यवस्थित चालतायत.”

मी वायर खेचून काढली.

“काय झालं रे?”

“काही नाही. तांत्रिक आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताट उचललं आणि आत गेले. प्रसादाची वाटी टेबलावर ठेवून गेले.

तेव्हाच तिघांना फोन करायला हवा होता. मी ओलं फडकं घेतलं आणि कुंकू पुसलं. कुंकू गेलं, हळद गेली नाही. फिक्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये ती मुरली.

नक्कल केल्यावर कळलं. मशीन सुरू झालं की आतल्या सगळ्या फाइली तपासायच्या आणि तात्पुरत्या फाइली साफ करायच्या, अशी सोय कंपनीने लावून ठेवली होती. मीही हिंजवडीत चारशे मशीनवर तशीच लावली होती, चांगली सवय म्हणून. प्रत्येक फाइलवर ती शेवटची कधी उघडली त्याची तारीख असते. आता बहुतेक फाइलींवर एकच तारीख होती, खंडेनवमीची दुपार. जमिनीवर पावलांचे ठसे शोधायला जावं आणि तिथे कोणीतरी नुकताच पोछा मारलेला असावा, तसं झालं होतं. मी नंतर बरेच दिवस त्या नकलेत खणत राहिलो. पेन ड्राइव्ह कधीतरी लागला होता एवढं दिसलं. कधी आणि कोणी, ते नाही.

अहवालात मी लिहिलं: ‘तांत्रिक कारणामुळे सदर यंत्रातील नोंदी कोणत्याही निष्कर्षासाठी पुरेशा नाहीत.’ या वाक्यात खोटं काही नाही. मी ते अनेकदा वाचून तशी खात्री करून घेतली. तीन पानी अहवालात पूजेचा उल्लेख नव्हता.

चौकशीची बैठक दिवाळीनंतर भोसरीला, कारखान्यातच होती. डबा परत न्यायचा होता. बाबा म्हणाले, “रिक्षात एकट्याने कसा धरशील? मी येतो.” त्यांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला. कारखान्यात जायचं म्हटलं की ते अजून दाढी करून निघत. आत ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. चौकशी अधिकारी निवृत्त वकील होते. त्यांनी कोण म्हणून विचारलं, मी ‘सोबत आलेत’ म्हणालो.

बाईंच्या बाजूच्या गृहस्थांनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि डबा आपल्याकडे वळवला. चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला.

“अहो साहेब, हा पिवळा डाग कसला?”

“कुठला?”

“हा. बटणाच्या वर. आम्ही सह्या केल्या तेव्हा नव्हता. मध्ये जेजुरीला नेऊन आणलंत का याला?”

कार्मिक अधिकारी हसले. मीही हसल्यासारखं केलं. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि समोरच्या जाळीत अडकलेलं काहीतरी टोकाने उचकून टेबलावर ठेवलं. झेंडूची वाळलेली पाकळी होती.

“तुमच्या अहवालात तांत्रिक कारण म्हटलंय, ते हेच का?”

मी म्हणालो, “त्या दिवशी खंडेनवमी होती. घरी पूजा झाली.”

“उत्तम. आमच्याकडेही होते. मशीन चालू केलं?”

“...हो.”

“कोणी?”

“वडिलांनी.”

“आणि आपण लिहून दिलं होतंत की तुमच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. वडिलांना ते सांगितलं होतंत?”

 उत्तराची वाट न बघता ते चौकशी अधिकाऱ्यांकडे वळले. “साहेब, हे लिहून घ्या. सांगितलं नसेल तर हा हलगर्जीपणा यांचा. यांचं नाव सुचवलं कंपनीने. पुरावा गेला यांच्या घरात. मग त्याचा दंड या मुलीने का भरायचा? संशयाचा फायदा तिला मिळायला हवा.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. सूचना असूनही झालं असेल तर तो अपघात, मग मला बाकीच्या पुराव्यावर जावं लागेल. सूचनाच नसेल तर प्रश्न वेगळा.” ते माझ्याकडे वळले. “आपण एवढंच सांगा. सांगितलं होतं की नव्हतं?”

बाकीचा पुरावा म्हणजे ईमेल बाईंच्या नावाने गेलं ही सर्व्हरवरची नोंद. ती बाईंच्या विरुद्ध होती. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

मी काय विचार केला ते मला नीट आठवतं. प्रयोगशाळा सुरू होऊन चौदा महिने झाले होते. ‘हलगर्जीपणा’ हा शब्द माझ्या नावापुढे कागदावर आला की पुन्हा कोणी काम देणार नव्हतं. कार्मिक अधिकारी माझ्याकडे बघत होते. बाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. बाबांकडे मी पाठ करून बसलो होतो.

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. “आजोबा, तुम्हीच का यांचे वडील?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले असणार.

“हो.”

“त्या मशीनला हात लावायचा नाही असं यांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

मला वळावं लागलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. नोकरीत असताना साहेबासमोर उभे राहत असतील तसे ते उभे होते, हात सरळ खाली.

“सांगितलं असेल,” ते म्हणाले. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.”

त्यांच्या लक्षात सगळं राहायचं. कोणत्या लेथला कोणता आवाज होता, कोणत्या साली कोणी बढती घेतली, त्या सकाळी रिक्षाला किती पैसे दिले. अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. बाईंच्या बाजूच्या गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि पाकळी बोटाने टेबलाखाली ढकलली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या बाबांकडे बघत होत्या.

परत येताना आम्ही बसने आलो. बाबा खिडकीशी बसले. दोन तिकिटं त्यांनीच काढली. दापोडी गेली, खडकी गेली, आमच्या जुन्या क्वार्टर्सचा रस्ता गेला. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. शिवाजीनगर आल्यावर म्हणाले, “उतरायचं आलं की सांग. माझ्या लक्षात राहत नाही.”

त्या विषयावर ते माझ्याशी बोलले ते इतकंच. घरी आल्यावर जेवले, पेपर वाचला. पण त्या दिवसापासून ते माझ्या कामाच्या खोलीत आले नाहीत. काही सांगायचं असलं तर उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगत.

निकाल बाईंच्या विरुद्ध गेला. बडतर्फीचा कागद निघायच्या आत राजीनामा दिलात तर हिशेब देऊ आणि दाखल्यावर काही लिहिणार नाही, असं कंपनीने कळवलं. आपली आणखी काही तक्रार नाही असं लिहून देऊन बाईंनी सही केली. हे मला कार्मिक अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनवर त्यांच्या समूहातल्या आणखी दोन कारखान्यांचं काम देऊ केलं. “तुमची पद्धत आम्हाला आवडली,” ते म्हणाले. कुठली पद्धत ते मी विचारलं नाही. काम घेतलं. पुढच्या वर्षीच्या माझ्या उत्पन्नातलं निम्म्याहून जास्त त्या समूहाकडून आलं. खोलीचं ऑफिस झालं, मग बाहेर गाळा घेतला, दोन माणसं ठेवली. फ्लॅटचं कर्ज मुदतीआधी फिटलं. माझा धंदा त्या एका उत्तरावर उभा राहिला असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

बाई निर्दोष होत्या का, हे मला आजही माहीत नाही. ते शोधण्यासाठीच मला नेमलं होतं.

मी आता कॉलेजांत शिकवायलाही जातो. पुरावा कसा हाताळावा हे सांगताना ‘एका परीक्षकाच्या घरी’ म्हणून ही गोष्ट सांगतो. हळदीपाशी मुलं हसतात. जेजुरीपाशी फारच हसतात. ‘एका परीक्षकाच्या’ ऐवजी ‘माझ्या’ म्हणायचं असं मी दर वर्षी ठरवून जातो. अजून म्हटलेलं नाही. आणि मुलांना मी ‘सांगितलं होतं’पर्यंत कधी नेतच नाही, पाकळीपाशी थांबतो.

आता पैशांचं.

त्या फेब्रुवारीत मी बाईंना दहा हजारांचा चेक पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘परीक्षण पूर्ण न होऊ शकल्याने शुल्क परत करीत आहे.’ आठवड्याभरात चेक परत आला. माझी चिठ्ठीही त्यातच होती. वर काही लिहिलेलं नव्हतं.

जेवताना मी बायकोला हे सांगितलं. बाबा ताटावर होते. बायको म्हणाली, “पण त्यांना पैसे मिळालेत ना? बाबा डिसेंबरातच देऊन आले.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आमटी वाढून घेतली.

“कुठे?”

“दापोडीला. त्यांच्या घरी. पत्ता त्या चष्मेवाल्यांकडून घेतला.”

“काय सांगितलंत?”

“मला कोणी सांगितलं नव्हतं, हे सांगितलं. मग पैसे दिले. उलट केलं असतं तर घेतले नसते तिने.”

“त्या काय म्हणाल्या?”

बाबांनी घास संपवला. “म्हणाली, काका, हे तिथे बोलला असतात तर बरं झालं असतं.”

बायकोने हात थांबवला.

“मी म्हटलं, मुलगा आहे.” बाबा पाण्याच्या भांड्याकडे हात नेत म्हणाले. “मग तिने मला बसायला खुर्ची दिली. आता सही करून दिल्यावर उपयोगही नव्हता. एका दुकानात हिशेब लिहायला जाते म्हणाली. चहा केला तिने. मी प्यायलो.”

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून दहा हजार काढले आणि बाबांसमोर ठेवले. त्यांनी बाईंना दिलेले पेन्शनमधले होते, एवढे सहज निघणारे नव्हते. बाबांनी पेपर खाली केला नाही.

“तांत्रिक कारणामुळे घेता येत नाहीत,” ते म्हणाले.

मी ते उचलून परत ठेवले. पुढेही दोनदा देऊन पाहिले. ते गेले तोवर त्यांनी घेतले नाहीत. दर खंडेनवमीला ते स्वयंपाकघरात पाट मांडत, त्यावर आपला जुना व्हर्नियर कॅलिपर ठेवत, शेजारी आईचं शिवणयंत्र ओढून घेत, दोन्हींना हळदकुंकू लावत आणि शिवणयंत्र एक मिनिट रिकामं चालवत. माझ्या खोलीचं दार त्या दिवशी मी उघडं ठेवत असे. ते त्या बाजूला येत नसत.

कंपनीचा दहा हजारांचा चेक मी जमा केला होता. तो परत दिला नाही, कोणी मागितलाही नाही. त्यावर कर भरला. बाईंच्या दहा हजारांतून डिस्कची उधारी चुकवली होती, बाकीचे त्या महिन्याच्या हप्त्यात गेले. त्यांचं रिकामं पाकीट बायकोने कपाटात ठेवून दिलं होतं, चांगलं होतं म्हणून. बाबांनी डिसेंबरात तेच तिच्याकडून मागून घेतलं. रुपया अजून त्यावर चिकटलेला होता.

म्हणजे शेवटी दिले गेले ते दहा हजार एक रुपये, माझ्या वडिलांकडून, बाईंना, रोख.